हार नवे, माश्या त्याच

फ्रिजमध्ये ठेवलेले झेंडूचे हार दिसले की आजही माझं डोकं फिरतं. परवा इथं गोंदियाजवळ कुडव्यातच एका साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला गेले होते. पाणी घ्यायला फ्रिज उघडला, तर आत ओल्या फडक्यात गुंडाळलेले हार. मी धाडकन दार लावलं. यजमानीण पाहतच राहिली. तिचा बिचारीचा काय दोष? पण हा राग कोणाला तोंडी सांगून जात नाही, म्हणून एकदा लिहूनच काढते.

आमगावला बी.एस्सी. केलं होतं, प्राणिशास्त्र घेऊन. घरच्यांना वाटलं पोरगी मास्तरीण होईल. पोरगी झाली माश्या पाळणारी. कुडव्यात एका संस्थेची प्रयोगशाळा होती, म्हणजे भाड्याच्या दोन खोल्या, एक फ्रिज आणि प्लास्टिकचे टब. तिथं आम्ही ट्रायकोकार्ड बनवायचो. हे काय असतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

धानाला, म्हणजे भाताच्या पिकाला, खोडकिडा लागतो. त्याची पतंगी पानाच्या शेंड्याशी अंड्यांचा पुंजका घालते, अंड्यातून अळी निघते आणि खोडात शिरून आतून पोखरते. आता एक माशी आहे, पेनानं दिलेल्या टिंबाएवढी. गांधीलमाशीच्या खानदानातली, पण हिला चावणं माहीत नाही. ही जाऊन खोडकिड्याच्या अंड्यातच आपलं अंडं घालते. हिचं पिल्लू ते अंडं आतून खाऊन टाकतं आणि अळीच्या जागी माशीच बाहेर येते. ती माशी आम्ही वाढवायचो. टबात ज्वारीच्या भरड्यावर तांदळातला पतंग पाळायचा, त्याची अंडी गोळा करायची, डिंकानं कार्डावर चिकटवायची आणि ते कार्ड माश्यांपुढं ठेवायचं. अंडी काळी पडली की समजायचं, आत माशी तयार होऊन राहिली. मग ते कार्ड वेळेवर शेतात नेऊन पानाखाली टाचायचं. पतंगाच्या पंखांचा भुसा नाकात जाऊन जाऊन मला कायमची सर्दी झाली होती. पण काम मला आवडायचं, खोटं कशाला बोलू.

आवडण्याचं कारण माझी मोठी बहीण. आम्ही तिला बाई म्हणतो. चोरखमारा तलावाच्या कालव्याखालच्या एका गावात तिला दिलेली. घरची धानाची शेती, आणि भाऊजी दरवर्षी पाठीवर पंप घेऊन औषध मारायचे. तोंडाला फडकं नाही, हातात काही नाही, गावात सगळेच तसे मारतात. एका पावसाळ्यात फवारता फवारता ते बांधीतच, म्हणजे धानाच्या खाचरातच, खाली बसले. बाई धावत गेली तर तोंडाला फेस, आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. गोंदियाच्या दवाखान्यात टाकलं, कसेबसे वाचले. पण तेव्हापासून त्यांचा उजवा हात कापतो. चहा दिला की कपबशी वाजत राहते.

घरी आल्यावर बाईनं पंप धुतला, माळ्यावर टाकला आणि त्यावर जुनी पोती रचली. मी समोर होते. भाऊजींकडं न पाहता ती म्हणाली, "या घरात आता पंप उतरन, तर माया मढ्यावरून."

भाऊजींनी तेव्हा मान डोलावली. पण पुढच्या पावसाळ्यात रोपांची रोवणी झाली आणि शेजारच्या बांध्यांत पंपांचा आवाज सुरू झाला, तसे ते बेचैन झाले. औषध न मारता धान कसं पिकते, ते मले दाखव, म्हणाले. त्यांचंही काय चुकलं? वर्षभराचं खाणं त्या बांध्यांत उभं होतं. मग मी कार्डाचं सांगितलं. ते खूप हसले. साळी आता माश्यांच्या भरवशावर जेवू घालन, असं गावभर सांगत सुटले. शेवटी बाईशी त्यांचा करार झाला. धान शाबूत राहिलं तर पंप माळ्यावर. बांध्या पोच्या लोंब्यांनी पांढऱ्या पडल्या तर पंप खाली.

पहिली दोन वर्षं कार्डांनी लाज राखली. मी स्वतः न्यायचे. अंडी काळी पडून माश्या निघायच्या बेतात आल्या की कार्डं टिफिनमध्ये ठेवायची, वरून ओला रुमाल, आणि स्कुटीनं ऊन उतरायच्या वेळी थेट बाईचं शेत. आम्ही दोघी चिखलात पाय टाकून कार्डं टाचायचो. सकाळी माश्या निघायच्या आणि दिसेनाशा व्हायच्या. दिसेनाशा व्हायच्या हेच तर पाहिजे. इतकीशी ती माशी, पण उडून, चालून, पान न पान हुंगून अंडी शोधून काढते, म्हणून तर कामाची. भाऊजी बांधावर बसून त्यांना "तुया बहिणीच्या पोरी" म्हणायचे. दुसऱ्या वर्षी त्यांनी स्वतः विहारात जाऊन चार लोकांना सांगितलं की धान बिनऔषधाचं पिकलं. बाईच्या मागं गावातल्या आणखी बायका तयार झाल्या. आणि तिथंच माशी शिंकली.

आमच्या साहेबांच्या कानावर ही गोष्ट गेली. साहेब म्हणजे संस्थेचे प्रमुख, गोंदियाचे, गोड बोलणारे, अर्धं मराठी अर्धं हिंदी. बाईचं शेत पाहून आले आणि म्हणाले, इतना अच्छा काम है, लोकांना दिसलं पाहिजे. तिथंवर ठीक होतं. मग म्हणाले, कार्डं आता अशी टिफिनातून वाटायची नाहीत. कार्यक्रम करू. विहाराच्या पटांगणात मंडप, मोठे पाहुणे, आणि पाहुण्यांच्या हातानं कार्डवाटप. पहिलं कार्ड बाईच्या हातात. फोटो.

आमच्याकडं ही रीतच आहे. शिलाई मशीन असो की शाळेचं दप्तर, पाहुण्याचा हात लागल्याशिवाय ते माणसाच्या हातात पडत नाही. दप्तराला काय, ते चार दिवस पडून राहिलं तरी दप्तरच राहते. पण कार्डात जीव आहे हो! तो काय पाहुण्याची वाट पाहत अंड्यात मांडी घालून बसणार आहे?

तारीख ठरली. मी त्या हिशेबानं कार्डं तयार केली. मंडप पडला, हार आले. आदल्या दिवशी फोन, पाहुण्यांना नागपूरला जावं लागलं. साहेब म्हणाले, कोई बात नहीं, पुढच्या आठवड्यात. कार्डं फ्रिजमध्ये टाका. थोडे दिवस थंडीत ठेवलेलं कार्ड चालतं, माशी आत झोपून राहते, म्हणून मी ठेवली. त्यांनी हारही तिथंच ठेवले, कार्डांच्या वरच्या कप्प्यात. पुढचा आठवडा आला, पाहुणे नाही आले. हार सुकले, ते फेकून नवे आणले. त्याच्या पुढच्या वेळी पुन्हा तेच. हार नवे, माश्या त्याच. झेंडू शिळा झालेला साहेबांना लगेच दिसायचा. माशी शिळी होते हे सांगून माझं तोंड दुखलं, पण ते त्यांच्या डोक्यात शिरेना. वरून तेव्हाचं लोडशेडिंग. लाईट गेली की फ्रिज गरम, आली की पुन्हा थंड. आत त्या जिवाचं काय होत असेल, विचारू नका.

मी म्हटलं, ठीक आहे, निदान नवी कार्डं बनवते. तर साहेबांनी त्याचीही सोय लावून ठेवली होती. कार्यक्रमाआधी पाहुणे प्रयोगशाळा पाहायला येणार, म्हणून रंगरंगोटी काढली. मी एक दिवस घरी होते, सर्दीनंच. दुसऱ्या दिवशी आले तर भिंती आकाशी रंगाच्या आणि सगळे टब रिकामे, धुऊन पालथे घातलेले. पतंगाचा भुसा पाहुण्यांच्या नाकात जाईल, म्हणून पतंग फेकून दिले होते. पतंग नाही तर अंडी नाही, अंडी नाही तर माशी नाही. प्रयोगशाळा दाखवायला प्रयोगशाळाच झाडून टाकली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साहेब म्हणाले, नंतर पुन्हा सुरू करू, टेन्शन मत लो. नागपूरला एका ओळखीच्या ठिकाणी फोन लावला, तर त्यांची कार्डं आधीच दुसरीकडं गेलेली.

म्हणजे आता जे काही होतं ते त्या फ्रिजमध्ये होतं. मी एक कार्ड काढून काचेच्या नळीत ठेवलं आणि नळी खिडकीत आडवी केली. नेहमीची माशी अंड्यातून निघाली की उजेडाकडं धावते. नळीचं खिडकीकडचं टोक माश्यांनी काळं होऊन जातं. या माश्या निघाल्या. बऱ्याच निघाल्या, मी नाही कशाला म्हणू. पण निघाल्या आणि तिथंच फिरत राहिल्या, नळीच्या तळाशी. कितीकांचे पंख चुरगळलेले, धुवून पिळून तसाच टाकलेल्या रुमालासारखे. ज्यांचे पंख नीट होते त्याही उडेनात. उजेड कुठं, अंधार कुठं, याचं त्यांना काही देणंघेणं नव्हतं. एका बाटलीत थोडे पतंग वाचले होते, नवी कार्डं काढण्याइतके नव्हेत. त्यांची ताजी अंडी मी त्यांच्यापुढं ठेवली. माशी अंड्यापाशी जायची, मिशा लावायची, आणि आपण इथं कशाला आलो हेच विसरल्यासारखी पुढं निघून जायची. मोजकीच अंडी काळी पडली. मला रडू आलं. आणि रडू येण्याचा राग आला.

नळी घेऊन मी साहेबांच्या टेबलाशी गेले. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं. विचारलं, अंड्यातून निघाल्या ना? मी म्हटलं निघाल्या, पण उडत नाहीत, शोधत नाहीत, अंडी घालत नाहीत. नुसत्या जिवंत आहेत. शेतात टाचून काही उपयोग नाही, कार्यक्रम रद्द करा किंवा लोकांना खरं सांगा की या वर्षी कार्डावर विसंबू नका.

साहेब हसले. म्हणाले, "अगं, थंडीतून उठलं की माणूसही आळस देतो. उन्हात गेल्या की उडतील."

हे वाक्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी पुन्हा पुन्हा सांगितलं, आवाज चढवून सांगितलं. बाहेरचा चहावाला डोकावून गेला. साहेबांनी फ्रिजला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. वर मलाच समजावलं, की तू फार जिवाला लावून घेतेस.

पाहुणे आले शेवटी. सकाळची वेळ होती, उगवले दुपारी. कार्डं ठेवलेल्या डब्यातला बर्फ वितळून कार्डांच्या कडा ओल्या झाल्या होत्या. सत्कार झाले, हार पडले. त्या दिवशीचे हार मात्र एकदम ताजे होते. पाहुण्यांनी कार्ड दोन बोटांच्या चिमटीत धरून अंगापासून लांब नेलं आणि साहेबांना विचारलं, काटता तो नहीं? मंडप हसला. बाई नवं लुगडं नेसून समोर उभी. कार्ड तिच्या हातात, पाहुण्यांचा हात कार्डावर, फोटोवाला म्हणतो इकडं पाहा. बाई फोटोवाल्याकडं न पाहता माझ्याकडं पाहत होती, कारण माझा चेहरा तिनं वाचला होता.

मंडपामागं नेऊन मी तिला सगळं सांगितलं. या माश्यांचा भरवसा धरू नको म्हटलं. तिनं कार्ड उन्हात धरून पाहिलं. काळी अंडी काळीच दिसत होती, दरवर्षीसारखी.

"तू म्हणतेस मेल्या, साहेब म्हणते जित्या," ती म्हणाली. "अन् मी हे लावू नाई तं काय लावू?"

धानाच्या पानांवर खोडकिड्याचे पुंजके दिसायला लागले होते. माळ्यावर पंप होता, आणि हातात हे. ऊन उतरल्यावर आम्ही दोघींनी कार्डं टाचली.

सकाळी ती मला घेऊन बांधीत गेली. माश्या निघत होत्या. कार्डावर फिरायच्या, पानावर उतरायच्या, दोन पानं पलीकडं अंड्यांचा पुंजका असला तरी तिकडं वळायच्या नाहीत. काही घसरून खाली पाण्यात पडल्या. बांधाकडच्या कार्डांवर मुंग्या पोचल्या होत्या. बाई गुडघाभर चिखलात वाकून पाहत होती. तिनं हळूच फुंकर मारली, तान्ह्या लेकराच्या डोळ्यावर मारतात तशी, की निदान वाऱ्यानं तरी उडतील. त्या उडाल्या नाहीत, पडल्या. तिनं दुसऱ्या कार्डावर फुंकर मारली. मग तिसऱ्या. मी तिचा हात धरून तिला बाहेर काढलं.

थोड्याच दिवसांत धानाचे मधले कोंब पिवळे पडले. असा कोंब ओढला की अलगद हातात येतो, खालून कुरतडलेला. संध्याकाळी शेतातून येताना भाऊजी चार-दोन कोंब आणायचे आणि ओसरीवर ठेवून द्यायचे, रोज. बाई ते उचलून गाईला टाकायची. ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं ती मला फोनवर म्हणाली.

त्या रविवारी मी गेले. गावाच्या अलीकडंच वास आला, तो वास ओळखायला प्राणिशास्त्र लागत नाही. स्कुटी टाकून बांधावरून धावत सुटले. बांधीत पंप चालू होता. पाठमोरी आकृती, तोंडाला फडकं, मला वाटलं भाऊजी. भाऊजी बांधावर बसलेले होते. त्यांनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता, आणि माझ्याकडं मान वर करत नव्हते.

बांधीत बाई होती. लुगडं खोचलेलं, पाठीवर तो पंप, एका हातानं दांडा, दुसऱ्या हातानं नळी. पुढचं भाऊजींनी मला सांगितलं. पंप त्यांनीच माळ्यावरून काढला होता. बादलीत औषध मिसळताना हात थरथरून पायावर सांडलं. बाईनं बादली ओढून घेतली, पंप पाठीवर चढवला आणि निघून आली. त्यांनी अडवलं तर म्हणाली, मारायचंच आहे तर मी मारीन, तुमचा एक हात गेला तेवढा पुरे. गड्याला का नाही सांगितलं, मी विचारलं. तर म्हणे, त्यालेबी बायको आहे.

मी चिखलात उतरायला गेले. बाईनं मला पाहिलं आणि पंप थांबवून ओरडली, "तिकडंच राह्य. वारा तुयाकडं येऊन राहिला."

मी तिथंच उभी राहिले. तिच्या पुढं, धानाच्या पानाखाली, आम्ही टाचलेली कार्डं अजून होती. तिनं त्यांच्यावरूनही नळी फिरवली.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर जाऊन जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते शांतपणे म्हणाले, माश्या निघाल्या तर होत्या ना, पुढचं निसर्गाच्या हातात. टेबलावर फोटो फ्रेम करून ठेवलेला होता, हार, पाहुणे, बाई. मी नोकरी सोडली. त्यांना काही फरक पडला नाही. पुढच्या वर्षीही कार्यक्रम झाला म्हणतात, तेच पाहुणे, तोच मंडप. काही लोकांना लाज नावाची गोष्टच दिलेली नसते.

मी पण हटून बसले. नागपूरहून पतंग आणि माश्या आणल्या, कुडव्याच्या माझ्या भाड्याच्या खोलीत टब मांडले. घरमालकीण नाक मुरडायची, मी शिंकायची. पुढच्या रोवणीनंतर टिफिन, ओला रुमाल, स्कुटी, पहिल्यासारखं. आधी नळीत घालून पाहिलं होतं, खिडकीकडचं टोक काळंभोर झालं होतं. बाईनं कार्डं टाचली, एकही वाकडा शब्द न काढता. सकाळी आम्ही दोघी बांधीत वाकून उभ्या राहिलो. माश्या निघाल्या आणि दिसेनाशा झाल्या. माझा जीव भांड्यात पडला.

घरी आल्यावर पाहिलं तर पंप दाराआड उभा. मी म्हटलं, बाई, आपल्या डोळ्यांनी पाहिलंस ना, उडाल्या. चल, दोघी मिळून हा माळ्यावर टाकू.

"पाहिलं व," ती म्हणाली. "तुया माश्या चांगल्या आहेत. पण पंप दाराआडच राहू दे."

तो आजही तिथंच आहे. बाईच्या घरचं दार उघडलं की आधी त्याचा वास येतो, मग ती या म्हणते.